लाल पेन्सिलीचं वळण

रौतुनीवा, २८ मे १९८७

इर्या,

तुझं पत्र पोचलं. गिरणी बंद पडली म्हणून तांपेरेत डोक्याला हात लावून बसू नकोस, मी तुला काम देते. माझ्या कमरेच्या हाडाचं ऑपरेशन दहा जूनला रोव्हानिएमीत ठरलंय, आणि डॉक्टर म्हणतो ऑगस्टअखेरपर्यंत घर विसरा. म्हणजे नदीच्या वाळूतून सोनं धुण्याचा अख्खा हंगाम गेला! पोस्टातली माझी परवान्यांची खिडकी तू सांभाळ. घर मोकळंच आहे, कॉफी कपाटात वरच्या फळीवर आहे.

काम अवघड नाही, पण लोक हुशाऱ्या करतात. हंगाम पंधरा जूनला उघडतो, एकतीस ऑगस्टला संध्याकाळी सहाला बंद. सहा म्हणजे सहा. सप्टेंबरात ट्राउट मासे वर येतात आणि वाळूत खड्डे करून अंडी घालतात, ती थेट वसंतापर्यंत तिथेच असतात. गमबूट घालून कुणी नुसतं चाललं तरी हजारो पिल्लं गेली म्हणून समज. त्यामुळे 'बाई, एकच दिवस' म्हणून कुणी गयावया केली तरी विरघळायचं नाही. एक परवाना म्हणजे एक माणूस, एक आठवडा. थाळी, फावडं, चाळणी चालेल. मोटार-पंप दिसला की नाव लिहून घे. पाण्याने धुतलेली वाळू घ्यायची, काठ पोखरायचा नाही. काठ वरून मऊ दिसतो आणि खाली आला की माणसाला गिळतो. जाताना खड्डे बुजवायचे. सोन्याखेरीज काही सापडलं, जुनी हत्यारं, हाडं, काहीही, तर मला कळवायचं.

भिंतीवर नकाशा आहे. माझ्या घराखाली अर्ध्या किलोमीटरवर जे वळण आहे, ते लाल पेन्सिलीने रंगवलंय. ते बारा महिने बंद. तिथला परवाना कुणालाच द्यायचा नाही.

आणि आउने कोर्तेनिएमी नावाची बाई आली तर वही संपली म्हणून सांग. कारण विचारू नकोस.

फोनही करू नकोस. वॉर्डातला फोन व्हरांड्यात असतो आणि सगळ्या बायका कान टवकारून बसतात.

तुझी आत्या,
सायमा

रौतुनीवा, २१ जून

प्रिय आत्या,

ऑपरेशन नीट झालं असं नर्सने पोस्टमास्तरांना कळवलं. तू शुद्धीवर येताच जेवणाला नावं ठेवलीस असंही कळलं, म्हणजे काळजी नाही.

सत्तेचाळीस परवाने दिले. एका जर्मन माणसाला 'काठ पोखरू नका' हे समजावताना मी टेबलाखाली शिरून ते अंगावर पाडून घेण्याचं नाटक केलं. त्याला समजलं. इतके डास आहेत म्हणून आधी सांगायचंस तरी! कॉफीत पडतात, पावाबरोबर पोटात जातात.

तू बाबांची खोली तशीच ठेवली आहेस. त्यांचा कोट खुंटीवर आहे, थाळी पलंगाखाली. त्यांना जाऊन पाच महिने झाले, तरी मी दार ठोठावून आत गेले. आत्या, खरं सांगते, मी तुझ्या खिडकीसाठी आलेलेच नाही. मी लहान असल्यापासून दर उन्हाळ्यात बाबा आम्हाला सोडून या नदीकडे यायचे आणि परत यायचे ते रिकाम्या हाताने. आईने जन्मभर धुसफूस केली. इथे असं काय होतं ते मला बघायचं होतं.

एक विचारते. त्या जर्मनाने छापील नियमावली आणली होती. त्यात लाल वळणाचा उल्लेखच नाही. खालच्या धबधब्याजवळचा पट्टा बारमाही बंद, हे आहे. वरच्या उपनदीत हंगाम दोन आठवडे उशिरा, हेही आहे. वळणाबद्दल एक अक्षर नाही. मग ते बंद कुणी केलं?

इर्या

रोव्हानिएमी, २७ जून

इर्या,

जर्मन लोकांनी मला नियम शिकवायचे राहिले होते!

वळण तुझ्या बापाने बंद केलं. परवाने सुरू झाले एकसष्टला, हंगामाचा नियम त्याआधीपासूनचा. नकाशा टांगला त्याच दिवशी आर्मास आला, त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हणाला, "सायमा, इथे ट्राउटची सगळ्यात मोठी वीण आहे. इथे कुणाला फावडं लावू देऊ नकोस." नदी त्याच्याइतकी कुणाला कळत होती? दरवर्षी हंगाम संपला की तो आठवडाभर तिथे बसून मासे मोजायचा. दर जूनमध्ये पुराने धुपलेल्या काठाला दगड रचून द्यायचा, वीण वाहून जाऊ नये म्हणून. छापलेलं नसेल. छापणारे हेलसिंकीत बसतात.

तुझ्या बापाने तुमच्याकडे लक्ष दिलं नाही हे खरं. पण त्याने कुणाचं वाईट केलं नाही. तेवढं मनात ठेव.

आउने आली होती का?

सायमा

रौतुनीवा, १४ जुलै

प्रिय आत्या,

रागावशील, तरी लिहिते. आउने आली, आणि मी तिला परवाना दिला. साठीची बाई, डोक्याला रुमाल, हातात फडक्यात बांधलेला गरम पाव. मी वही संपली म्हणणार, तोच ती म्हणाली, "वही संपली असेल ना? सायमाची वही माझ्यासाठी दर जूनमध्ये संपते." मला इतकी लाज वाटली! तिने लाल वळणच मागितलं. म्हणाली, दरवर्षी तेच मागते. ते मी दिलं नाही, वरच्या बेटाजवळचं दिलं. तिने कागद घडी करून ठेवला आणि धुवायला गेलीच नाही. तुमचं दोघींचं काय बिनसलंय?

दुसरं. मी खाण-कचेरीला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं: वळणावर कोणतीही बंदी नाही, कधीच नव्हती. मत्स्यखात्यालाही विचारलं. ते म्हणतात तिथली वाळू फार जाड आहे, ट्राउट तिथे अंडी घालतच नाहीत. मग बाबा काय मोजत होते?

आणि तिसरं तू हसशील म्हणून लिहिणार नव्हते. वळणाकडून फावड्याचा आवाज येतो. भर दुपारी. खर्र, मग थांबणं, मग खर्र. चोरून धुणारा कुणी असेल म्हणून तीनदा वही घेऊन गेले. कुणी नाही. वाळूवर पाऊल नाही. यंदा बर्फ फुटताना पूर मोठा आला आणि दगड रचायला बाबा नव्हते, त्यामुळे काठ चांगला हातभर कापला गेलाय. मी तिथे उभी राहिले की वाटतं, कुणीतरी माझ्या मागे श्वास रोखून उभं आहे. गावातल्या दुकानात सांगितलं तर दुकानदारीण म्हणाली, "आवाज होय? तो जुनाच आहे," आणि मला साखर मोजून दिली.

इर्या

रोव्हानिएमी, १९ जुलै

इर्या,

तुला एक काम सांगितलं होतं, तेही धड झालं नाही.

आता ऐकच. आउनेचा भाऊ ओइवा. तो आणि तुझा बाप भागीदार होते. छप्पन साली नोव्हेंबरात माझं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. पडदे शिवून झाले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आर्मास एकटाच नदीवरून आला, चिखलाने माखलेला. म्हणाला, ओइवा गेला. दोघांचं अख्ख्या उन्हाळ्याचं सोनं घेऊन नॉर्वेला पळाला. मी त्याच्याशी भांडले, खोटं बोलतोस म्हणाले. तो खाली मान घालून बसून राहिला. मग मी विश्वास ठेवला. सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल?

मी पोस्टात नोकरी का धरली माहीत आहे? नॉर्वेहून पत्र आलं तर ते आधी माझ्या हातात पडावं म्हणून. एकतीस वर्षं मी टपालाची थैली उघडते आहे. नॉर्वेचं तिकीट दिसलं की अजून तेच पाकीट आधी फोडते, आणि ते मासेविक्याचं बिल निघतं.

आउने सगळ्यांना सांगत सुटली, माझा भाऊ चोर नाही, तो कुठेही गेलेला नाही. म्हणजे माझा भाऊ खोटारडा, असंच ना? तिचा-माझा शब्द त्यानंतर नाही. ती समोरून आली की मी रस्ता बदलते. त्यांच्या आईच्या मौतीलाही मी गेले नाही.

आवाज वगैरे काही नाही. पूर आला की दगड सरकतात. तू एकटी राहतेस आणि भलतंसलतं ऐकतेस. वळणाकडे जाऊ नकोस.

सायमा

रौतुनीवा, ९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मी गेले. तुझा राग माझ्या डोक्यावर. पण माझा परवाना मी रीतसर फाडला, पंधरा नंबरच्या वहीत आहे. काठ पोखरला नाही, पुराने पाडलेलीच वाळू घेतली. नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही.

आत्या, सोनं आहे! चिमूटभर नाही, औषधाची बाटली अर्धी भरली, तीन दिवसांत. सगळं एकाच जागी, हाताएवढ्या कोपऱ्यात, जाड जाड दाणे. थाळी फिरवली आणि तळाशी पिवळं दिसलं तेव्हा मी मोठ्याने हसले आणि लगेच रडले. म्हणजे बाबांना ही जागा माहीत होती. मासे नाहीत, वीण नाही, त्यांनी सोन्यासाठी ती बंद करून ठेवली! आमच्यासाठीच राखली असेल का? मग कधी काढलं का नाही? आईला अजून कळवलं नाही. तिचे हात बघितलेस का तू अलीकडे? सूत ओढून ओढून बोटं वाकडी झाली आहेत. तिच्यासाठी काहीतरी होईल यातून.

एक तुझ्या नियमाप्रमाणे कळवते, सोन्याखेरीजचं. तिसऱ्या दिवशी थाळीत एक दात आला. माणसाचा. त्यावर सोन्याची टोपी आहे. आधी मला तो दाणाच वाटला. पूर्वी इथे कितीतरी लोक यायचे, कुणाचा तरी पडला असेल. काड्यापेटीत ठेवलाय. पण मी त्या दिवसापासून तिकडे गेले नाही. आवाजही थांबलाय. आणि का कुणास ठाऊक, आवाज होता तेव्हा बरं होतं.

इर्या

रोव्हानिएमी, १३ ऑगस्ट

इर्या,

दाताच्या टोपीला कडेला तिरका चरा आहे का?

लगेच लिही.

सायमा

रौतुनीवा, १६ ऑगस्ट

आत्या,

आहे. नखाएवढा, तिरका.

तू का विचारलंस ते मला तुझं पत्र हातात असतानाच समजलं. मी काड्यापेटी खिडकीत ठेवली आणि घराबाहेर जाऊन बसले.

आता मीही लपवलेलं सांगते. जानेवारीत, बाबांचा शेवटचा आठवडा होता. ते कुणाला ओळखत नव्हते. दोन्ही हात पांघरुणावर गोल गोल फिरवायचे, थाळी फिरवतात तसे. मध्येच थांबायचे आणि घाबरून म्हणायचे, "वर बघ! ओइवा, वर बघ!" आईला वाटलं तापात बडबडतायत. मला ओइवा कोण ते माहीत नव्हतं. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा माहीत झालं, तरी मी तुला लिहिलं नाही. मला भीती वाटली.

आणि छप्पन साल मला आठवतं. मी नऊ वर्षांची होते. बाबा घरी आले तेव्हा हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. आईने सोडल्या तर बोटांना नखं नव्हती. आठापैकी सहा नव्हती, अंगठेही सोललेले. आई म्हणाली, प्यायला असशील, पडला असशील. बाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी उकरलं होतं गं आत्या. नखं जाईपर्यंत उकरलं होतं. हंगाम संपल्यावर चोरून काठ पोखरत होते दोघं, काठ खाली आला, आणि त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. सोनं ओइवाच्या खिशात होतं. बाबांनी त्यातला कण घेतला नाही, एवढं तरी बघ.

आत्या, मी हात जोडते. दात आणि बाटली जिथली तिथे ठेवून येते. काठाला दगड रचते. बाबा गेले, ओइवा कधीच गेला. हे बाहेर आलं तर आई कशी जगेल? लोक बाबांच्या कबरीवर थुंकतील. तू फक्त गप्प राहा.

इर्या

रोव्हानिएमी, २२ ऑगस्ट

इर्या,

चरा युहान्नुसच्या, जूनमधल्या सणाच्या, नाचात पडला. ओइवाने दाताने लिंबूपाण्याची बाटली उघडली, मी नको नको म्हणत असताना. मग आरशात बघून म्हणाला, "आता माझ्यावर तुझी खूण झाली." त्या खुणेवरून एकतीस वर्षांनी त्याला ओळखायचं माझ्या नशिबी होतं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. आर्मासने प्रयत्न केला, मान्य. पण तोंड तर शाबूत होतं ना त्याचं? माझ्याशी बोलायला किती वर्षं होती त्याच्याकडे? माझ्या स्वयंपाकघरात बसून दर उन्हाळ्यात माझ्या हातची कॉफी पीत होता. मी टपालाची थैली उलटी करायचे तेव्हा समोर बसून बघायचा. ओइवा माझ्या घराखाली होता, इर्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते वळण दिसतं. मी त्या खिडकीत उभी राहून त्याला शिव्या दिल्या आहेत. मोठ्याने दिल्या आहेत.

आणि लाल पेन्सिल माझ्या हातातली होती. त्याच्या बहिणीला दरवर्षी नाही म्हणणारी मी होते.

तू काही ठेवायचं नाहीस आणि काही पुरायचं नाहीस. काड्यापेटी आणि बाटली पोस्टमास्तरांच्या तिजोरीत दे. मी एकतीसला येते आहे. डॉक्टर नाही म्हणतो, म्हणू दे.

तू माझी वाट बघ. पळू नकोस.

सायमा

तांपेरे, २ सप्टेंबर

आत्या,

मी पळाले. वस्तू तिजोरीत दिल्या, किल्ली शेजारी ठेवली आणि एकतीसलाच सकाळच्या बसने निघाले. तुझी बस समोरून येताना दिसली. मी खाली वाकून बसले.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो पीत नव्हता तर." आणि जाऊन झोपली. तिने त्यांचा फोटो भिंतीवरून काढलाही नाही आणि पुसलाही नाही.

मला आउनेसमोर उभं राहता येणार नाही. तिने मला पाव दिला होता.

इर्या

रौतुनीवा, २९ सप्टेंबर

इर्या,

पळालीस तर पळालीस. बसमध्ये तू वाकलीस ते मी पाहिलं. तुझी ती निळी टोपी अख्ख्या लॅपलँडमध्ये एकच आहे.

मी सामान टाकलं आणि कुबड्या घेऊन थेट आउनेकडे गेले. तिने दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "किती वर्षं लावलीस गं. दीड किलोमीटर तर आहे." तिने खुर्ची ओढली आणि मी तिथे मान खाली घालून रडले, कुबड्या खणखण पडल्या तरी. तिचं रडून कधीच झालं होतं. ती म्हणाली, त्याचा पासपोर्ट आणि लग्नासाठी घेतलेले बूट घरीच होते, हे सांगायला ती माझ्याकडे तीनदा आली होती. मी दार उघडलं नव्हतं.

इव्हालोहून पोलीस आले. काठ बघून म्हणाले, आता मासे वर आलेत, नदीत उतरता येणार नाही, पंधरवड्यात जमीन गोठेल, जूनमध्ये बघू. एकतीस वर्षं झाली, आता घाई ती काय. मी म्हटलं, नदीत उतरतोय कोण? काठ वरून काढायचा, जमिनीच्या बाजूने, माती बादल्यांनी मागे न्यायची, पाण्यात खडाही पडता कामा नये. खिडकी उघडली, वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बंद हंगामात परवाना लिहिला.

नाव: आउने कोर्तेनिएमी.
जागा: वळण.
साधन: फावडं, बादली.
मुदत: सापडेपर्यंत.
हेतू: भावाला घरी नेणे.

पोलीस म्हणाला, बाई, असा परवाना नसतो. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, खोट्या नियमाने सव्वीस वर्षं हा काठ बंद ठेवला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. तो वरिष्ठांना फोन करायला गेला. आला तो कोट काढूनच.

पंचवीस माणसं आली, दुकानदारीणसुद्धा. ज्यांना मी परवाना नाकारला तेही आले. कुणी सोन्याचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी आउनेनेच त्याला पाहिलं. तो तोंड वर करून होता. पुढचं मी लिहीत नाही.

सगळ्यांना मी खरं सांगितलं, आर्मासचं नाव घेऊन. लपवून ठेवायला मला जमणार नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढल्या, कुणी थुंकलं नाही. मी नखांचंही सांगितलं. ते सांगणं माझ्यावर होतं.

मी आर्मासला माफ केलं असं वाचायची तू वाट बघत असशील. नाही केलं. चुकीच्या माणसाचा राग मी एकतीस वर्षं केला, आता खऱ्या माणसाचा थोडा करू दे.

दफन दहा ऑक्टोबरला, शनिवारी. पाद्र्याने नातेवाइकांची यादी मागितली. आउने म्हणाली, "आधी हिचं लिहा, मग माझं." पाद्र्याने विचारलं, हिचं काय म्हणून लिहू? ती म्हणाली, "बायको लिहा. तारीखच तेवढी राहिली होती."

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "त्या पोरीला कळव. ज्यांना माहीत होतं त्यांनी लपवला, आणि जिला काही माहीत नव्हतं तिने वर आणला. ती नसेल तर मी शवपेटी उचलू देणार नाही." तिने हे चारचौघांत सांगितलंय, आणि ती हट्टी आहे.

रोव्हानिएमीहून बस अकराला सुटते. आईलाही आण. आणि या वेळी सीटवर ताठ बस.

तुझी आत्या,
सायमा